गोळी कुठे ठेवली? विसरणाऱ्या माणसांना शिकवताना या चुका टाळा

सौम्य स्मृतिदोष, दवाखान्यात ज्याला एमसीआय म्हणतात, तो म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. अशी माणसं स्वतःचं सगळं आवरतात. नवी गोष्ट तेवढी डोक्यात नीट नोंदली जात नाही. आणि घरचे मागे लागतात, "आठव, आठव!" नोंदच झाली नसेल तर आठवणार काय, कपाळ?

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे अंदाज करायला लावणं. वेंगुर्ल्यात आमच्या शेजारच्या आजींची रक्तदाबाची गोळी घरच्यांनी फडताळात हलवली. चतुर्थीला मुंबईहून आलेल्या नातवाने परीक्षाच मांडली, "आजी, गोळी कुठे? जरा डोक्याला ताण दे!" आजी म्हणाल्या, "देवघरात आसतली." चूक. पुन्हा विचारलं, पुन्हा देवघर. चाकरमानी परत गेले आणि आजी रोज सकाळी देवघर धुंडाळू लागल्या. 'ते चुकलं होतं' हे विसरलं जातं, तोंडून गेलेलं उत्तर रुजतं. बॅडली आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये स्मृती गमावलेल्या रुग्णांवर हेच दाखवलं होतं: चुकू न देता शिकवलेलं जास्त टिकतं.

मी आधी उत्तरच सांगते. "गोळी फडताळात, चहाच्या डब्याशेजारी." लगेच त्यांच्याकडून वदवून घेते, उठून ती हातात घ्यायला लावते, स्वतः केलेलं नुसत्या ऐकलेल्यापेक्षा पक्कं बसतं. मग अर्ध्या मिनिटाने विचारायचं, मग एक, दोन, चार मिनिटांनी. अडल्या तर ताटकळत ठेवायचं नाही. उत्तर सांगायचं, वदवून घ्यायचं आणि आधी जमलेल्या अंतरावर परत यायचं. मधल्या वेळात मी नारळ खवते. एवढाही धीर नसलेल्यांनी 'सात दिवसांत तल्लख बुद्धी' छाप व्हिडिओ खुशाल पाहावेत, आजींना छळू नये.

यादी दहादा घोकून घेणं ही फुकटची मेहनत. मासळीबाजारातलं, वाण्याकडचं, भाजीवालीकडचं अशी यादी त्यांनाच लावू द्या. बांगडे म्हटले की तिरफळं आपोआप आठवतात.

टीव्ही चालू असताना काही सांगू नका. एका वेळी एकच गोष्ट.

लक्षात ठेवायच्या वस्तू मनातल्या राजवाड्यात खोलीखोलीत मांडायची युक्ती स्मरणशक्तीच्या स्पर्धावाल्यांना लखलाभ. इथे ओटी, माजघर, न्हाणी पुरे. स्वतःचं घर त्यांना पाठ असतं.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी ऐकू नीट येतं का ते पाहा, बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्या. त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं, आणि त्यावर औषध आहे.