सैन्यातील रासायनिक, जैविक व आण्विक संरक्षणाच्या कामाकडे कसे वळावे

भारतीय सैन्यात या कामाकडे वळू इच्छिणाऱ्या अभियांत्रिकी पदवीधराने टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्समार्गे अधिकारी होऊन कोअर ऑफ इंजिनिअर्सला पसंती द्यावी, कारण या संरक्षणाचे प्रशिक्षण पुण्यात दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये दिले जाते. रसायनशास्त्र पक्के हवेच. सरीनसारख्या विषाला रंग वा वास नसल्याने नाकापेक्षा शोधक उपकरणावर विसंबावे लागते. तरीही खरी कसोटी, माझ्या मते, शरीराची आहे: सर्वांग झाकणारा पोशाख व मुखवटा चढवल्यावर घाम बाहेर पडत नाही, आवाज दबतो, बोटे जड होतात, आणि अशा अवस्थेत नोंदी अचूक ठेवाव्या लागतात. सैन्याऐवजी निमलष्करी दलात भरती झालेल्यांना याच कामासाठी तळेगावजवळील सुदुंबरे येथील राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनमध्ये प्रतिनियुक्तीने जाण्याचाही पर्याय असतो.