ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल: कंपनीचं घ्यावं की बाहेरचं?

वणी, आर्णी, दारव्हा, कारंजा अशा तालुक्याच्या गावांतही आता ऑटोमॅटिक गाड्या दिसतात. त्यातल्या बऱ्याच नागपूर-पुण्याहून सेकंडहँड आलेल्या असतात. इंजिन ऑइल कुठलंही गॅरेज बदलून देतं, अडचण येते ती गिअरबॉक्सच्या ऑइलला. शोरूम जिल्ह्याच्या गावी, तिथला डबा महाग. इथल्या ऑटो पार्टच्या दुकानात लाल ऑइल मिळतं आणि दुकानदार सांगतो, “हे टाका भाऊ, सगळ्यायले चालते.”

सगळ्यांना चालेल असं ऑटोमॅटिकचं ऑइल नसतं. म्हणून कंपनीचं की बाहेरचं हे नंतर बघू. आधी आपल्या गिअरबॉक्सला कोणत्या ग्रेडचं ऑइल लागतं, ते कागदावर लिहून घ्या.

पहिलं काम: गिअरबॉक्स कोणता ते ओळखा

क्लच पेडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक, एवढं पुरत नाही. खेड्यांत सगळ्यात जास्त दिसणाऱ्या ऑटोमॅटिक, म्हणजे वॅगनआर, सेलेरियो, डिझायर, टियागो, बहुतेक एएमटी आहेत. गिअर लिव्हरवर ‘पी’ (पार्किंग) नसेल, नुसते आर, एन, डी किंवा ए आणि एम असतील, तर गाडी एएमटी आहे असं धरून चाला आणि गाडीच्या पुस्तकात खात्री करा. एएमटीत आतला गिअरबॉक्स साध्या मॅन्युअल गाडीचाच असतो, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं. त्याला मॅन्युअलचं गिअर ऑइल लागतं. लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं ऑइल, त्यात घालायचं नाही. काही एएमटींमध्ये गिअर टाकणाऱ्या हायड्रॉलिक युनिटचं ऑइल आणखी वेगळं असतं, तिकडे स्वतः हात घालू नका.

‘पी’ असेल तर तीन शक्यता उरतात. इनोव्हा क्रिस्टा, स्कॉर्पिओ-एन, ब्रेझा यांच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलातून गिअरबॉक्सला देणारा भाग, आहे. होंडा सिटी, मॅग्नाइट यांच्यात सीव्हीटी आहे. २०२० आधीच्या पोलो जीटी टीएसआयसारख्या गाड्यांत दोन क्लचचा डीसीटी आहे. या तिघांची ऑइलं एकमेकांत बदलता येत नाहीत.

कारण कामच वेगळं आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये क्लचच्या पट्ट्या ऑइलात बुडालेल्या असतात. गिअर बदलताना त्या क्षणभर घसरून मग घट्ट धरल्या पाहिजेत, तरच झटका बसत नाही. हे घसरणं-धरणं ऑइलातल्या रसायनांवर ठरतं. सीव्हीटीत मात्र पिठाच्या गिरणीसारखा पट्टा दोन पुलींवर फिरतो, फक्त तो पोलादी असतो, आणि पुलीही पोलादाची. तिथे पट्टा घसरलाच नाही पाहिजे. त्यात साधं एटीएफ पडलं तर पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे येतात, आणि मग ऑइल बदलून काही उपयोग नसतो.

दुसरं: ग्रेडचं पूर्ण नाव काढा

गाडीच्या मॅन्युअलमध्ये शेवटी ऑइलांच्या क्षमतेचं पान असतं. तिथे लिहिलेलं नाव अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. सेकंडहँड गाडीसोबत पुस्तक आलं नसेल तर चेसिस नंबर घेऊन शोरूमच्या पार्ट काउंटरला फोन करा. ते नाव सांगतात.

“होंडाचं ओरिजिनल आणा” एवढा निरोप पुरेसा नाही. होंडाचीच डीडब्ल्यू-१ आणि एचसीएफ-२ ही दोन ऑइलं आहेत. ब्रिओच्या ऑटोमॅटिकला पहिलं लागतं, २०१४ नंतरच्या सिटीच्या सीव्हीटीला दुसरं. दोन्ही अस्सल, दोन्हींवर कंपनीचं नाव, तरी चुकीचं पडलं तर नुकसान ठरलेलं. टोयोटाचंही तसंच आहे. जुन्या गाड्यांना टी-फोर, नंतरच्यांना डब्ल्यूएस. डब्ल्यूएस पातळ आहे आणि दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ह्युंदाईत एसपी-३ आणि एसपी-४ असा फरक आहे.

आणि रंगावर जाऊ नका. लाल रंग हा नुसता डाय आहे.

तिसरं: डब्यावरची भाषा वाचा

आपल्याकडच्या दुकानांत जे लाल ऑइल हमखास मिळतं, ते मुख्यतः ट्रॅक्टर-ट्रकच्या पॉवर स्टिअरिंगसाठी विकलं जातं. त्यावर ‘टाइप ए, सफिक्स ए’ किंवा ‘डेक्सरॉन-२’ लिहिलेलं आढळेल. पहिली ग्रेड जनरल मोटर्सने (जीएम) १९५७ मध्ये काढली, दुसरी १९७३ मध्ये. स्टिअरिंगला ती ठीक आहे. सहा गिअरच्या आजच्या ऑटोमॅटिकमध्ये ती घालणं म्हणजे गिअरबॉक्सचा जीव घेणं आहे, हे मी अगदी ठासून सांगतो. डेक्सरॉन-३ चं लायसन्स देणंही जीएमने २००६ अखेर थांबवलं. त्यामुळे आज डब्यावर ‘डेक्सरॉन-३’ असेल तर ते फक्त ऑइल कंपनीचं स्वतःचं म्हणणं आहे, त्यामागे जीएमची तपासणी नाही. २००५ च्या डेक्सरॉन-६ ला मात्र लायसन्स नंबर असतो, तो ‘जे’ अक्षराने सुरू होतो.

‘अप्रूव्ह्ड’ आणि ‘सुटेबल फॉर’ यांत फार अंतर आहे. अप्रूव्ह्ड म्हणजे गाडी किंवा गिअरबॉक्स बनवणाऱ्याने ते ऑइल तपासून मान्य केलं. सुटेबल म्हणजे ऑइलवाला आपल्या भरवशावर सांगतो आहे. सुटेबल लिहिलेलं प्रत्येक ऑइल वाईट असतं असं नाही, नामांकित कंपन्या नीट चाचणी करूनच तसं लिहितात. पण एकाच डब्यावर पंधरा-वीस गाड्यांच्या ग्रेड लिहिलेल्या दिसल्या तर सावध व्हा. डब्ल्यूएस आणि टी-फोर या दोन्हींना एकच ऑइल तंतोतंत बसणं कठीण आहे, कुठेतरी तडजोड केलेली असते.

मग घ्यावं कोणतं?

गाडी बनवणाऱ्या कंपन्या ऑइल स्वतः गाळत नाहीत. ते ऑइल कंपन्यांकडून आपल्या मापाने बनवून घेतात. म्हणजे शोरूमच्या डब्यात काही जादू नाही. ग्रेड नेमकी जुळल्याची खात्री, एवढ्याचे जास्तीचे पैसे तिथे जातात.

माझं मत असं. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीचंच घ्या आणि बिल जपून ठेवा. सीव्हीटी किंवा डीसीटी असेल तर वॉरंटी संपल्यावरही कंपनीचंच घ्या, तिथे वाचवलेले चार पैसे परवडत नाहीत. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी वॉरंटीबाहेर असेल आणि तुमची नेमकी ग्रेड लिहिलेलं नामांकित कंपनीचं ऑइल मिळत असेल, तर ते बिनदिक्कत वापरा. पुस्तकात डेक्सरॉन-३ सांगितलेल्या जुन्या गाडीला तर आजचं चांगलं सिंथेटिक एटीएफ मूळ ऑइलापेक्षा उष्णता जास्त सोसतं. आणि आपल्याकडे उष्णता हाच मुख्य प्रश्न आहे. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात एसी चालू, गाडी भरलेली आणि चिखलदऱ्याचा घाट, मग ऑइल लवकर थकतं.

“हे लाइफटाइम आहे, बदलायचं काम नाही” असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा ऑइल बदला म्हणते. आपल्या उन्हाळ्यात खालचा आकडा धरा.

लूज ऑइल कोणत्याही भावात घेऊ नका. सीलबंद डबा, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख आणि पक्कं बिल, एवढं बघून घ्या. शोरूमच्या नावाचा डबा बाहेर अर्ध्या किमतीत मिळत असेल तर तो नकलीच समजा.

बदलताना

खालचा बोल्ट उघडला की सगळं ऑइल निघत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं, निघतं ते साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं. म्हणून आधी निघालेलं ऑइल मोजा आणि तेवढंच नवीन घाला. पूर्ण बदल हवा असेल तर काही शे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा असंच करा. फिल्टर, पॅनचं गॅस्केट आणि बोल्टचा वॉशर ऑइलासोबतच मागवून ठेवा, नाहीतर गाडी उघडी ठेवून अमरावतीला चक्कर होते.

बऱ्याच नव्या गाड्यांना लेव्हल बघायची डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून बाजूच्या छिद्रातून जास्तीचं ऑइल वाहू द्यायचं आणि धार बारीक झाली की बोल्ट लावायचा. टोयोटाच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये हे ऑइल ३५ ते ४५ अंशांवर असताना करायचं असतं, तापमान स्कॅनरवर, म्हणजे गाडीला जोडायच्या तपासणी यंत्रावर, दिसतं. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी सावलीतल्या गाडीचं ऑइलही त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला पोचलेलं असू शकतं, आणि इंजिन चालू केलं की ते वर जातं. तापलेलं ऑइल फुगतं, जास्त वाहून जातं आणि थंड झाल्यावर लेव्हल कमी भरते. म्हणून हे काम मार्च ते जूनमध्ये करायचंच असेल तर गाडी आदल्या रात्रीच गॅरेजला लावा आणि सकाळी सहाला सुरू करा. मेकॅनिककडे स्कॅनर नसेल तर स्कॅनर असलेलं गॅरेज शोधा.

निघालेलं ऑइल काळं, जळका वास असलेलं आणि त्यात कण दिसत असतील, तर मशीनने फ्लश करू देऊ नका. जोराच्या दाबाने आतली घाण बारीक वाहिन्यांत जाऊन बसते. साधं काढून-घालून घ्या, आणि गाडी आधीच झटके देत असेल तर ऑइल घालण्याआधी जाणकाराला दाखवा. गिअरबॉक्स उघडायचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

उरलेला डबा घट्ट बंद करून त्यावर ग्रेड आणि गाडीचे किलोमीटर मार्करने लिहा. खताच्या खोलीत अर्धवट उघडा राहिलेला, पावसाळा खाल्लेला डबा पुढच्या वर्षी गिअरबॉक्समध्ये ओतू नका. ऑइलात ओल शिरलेली असते.