सीमाभागातील बस-तपासणीला सामोरे जाताना
निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर किंवा गोव्याहून चोर्ला घाटमार्गे बेळगावला येताना पोलीस बसमध्ये चढले, तर जागेवरच बसून आधारकार्ड किंवा डिजिलॉकरमधील ओळखपत्र दाखवावे. बॅग स्वतःच्या हातांनी, शक्यतो वाहकासमोर उघडावी. गोव्याची एखादी बाटली ‘चालते’ असे सहप्रवासी छातीठोकपणे सांगतात, त्यावर विसंबू नये. महिलेची अंगझडती महिलेनेच, शालीनता राखून घ्यावी लागते. निवडणूक आचारसंहितेच्या काळात ५०,००० रुपयांहून अधिक रोकड असल्यास बँकेची पावती किंवा गूळ-तंबाखू विकल्याची हिशोबपट्टी जवळ असावी, अन्यथा कष्टाचे पैसेही जप्त होऊ शकतात. तसे झाल्यास जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागावी आणि पंचनामा कन्नडमध्ये असेल, तर तो जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.