डिजिटल साधनांसह तास घेण्यापूर्वीची तयारी

तयारीची सुरुवात साधनापासून करू नये. तास संपताना विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, हे आधी पाठ टाचणात एका वाक्यात लिहावे आणि मग त्या पाठातला नेमका कोणता भाग फळ्यावर नीट उलगडत नाही, याचा शोध घ्यावा. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू कुठेही सरकवला तरी आंतरकोनांची बेरीज १८० अंशच राहते, हे स्थिर आकृतीवरून नुसते मान्य करावे लागते; २००१ मध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी सुरू केलेल्या जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र विद्यार्थी तो बिंदू स्वतः ओढून पाहू शकतो. असा एकही भाग सापडला नाही, तर त्या दिवशी खडू आणि फळा पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

साधन निश्चित झाल्यावर ते विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून आणि शक्य तर एखाद्या जुन्या मोबाइलवर उघडून पाहावे, कारण शिक्षकाच्या खात्यात सहज उघडणारी फाइल विद्यार्थ्याकडे परवानगीअभावी अडू शकते. अनेक सेवांमध्ये खाते उघडण्यासाठी किमान १३ वर्षे वयाची अट असते, तीही तपासावी. खात्याशिवाय काम भागत असेल तर तोच मार्ग निवडावा. मुलांची पूर्ण नावे आणि जन्मतारखा पालकांच्या संमतीशिवाय कुठेही भरू नयेत.

इंटरनेट बंद पडेल असे गृहीत धरूनच साहित्य जमवावे. कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट प्रकल्पातील अनेक प्रतिरूपे (पडद्यावर हाताळून पाहता येणारी सिम्युलेशन्स) आधीच डाउनलोड करून नेटशिवाय चालवता येतात. वीजच गेली तर त्याच मुद्द्याची आकृती फळ्यावर कशी काढायची, हेही टाचणात लिहून ठेवावे.

सर्वाधिक वेळ मात्र प्रश्नांना द्यावा. एरिक मझूर यांनी १९९०च्या दशकात हार्वर्डमध्ये रुजवलेल्या पद्धतीत प्रत्येक विद्यार्थी आधी एकट्याने विचार करून उत्तर नोंदवतो, नंतर शेजाऱ्याशी चर्चा करतो आणि पुन्हा उत्तर देतो. यासाठी दोन-तीनच प्रश्न तयार करावेत, पण त्यांतला प्रत्येक चुकीचा पर्याय मुलांच्या खऱ्याखुऱ्या गैरसमजातून आलेला असावा. सरळ वर फेकलेल्या चेंडूचे त्वरण सर्वोच्च बिंदूवर किती, या प्रश्नात ‘शून्य’ हा पर्याय हवाच, कारण वेग शून्य झाला म्हणजे त्वरणही शून्य झाले असे अनेकांना मनापासून वाटते. पहिल्या फेरीतील उत्तरांचा आलेख पडद्यावर दाखवायचा नाही, असे आधीच ठरवावे; तो दिसला की मुले विचार सोडून बहुमताकडे झुकतात. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली तर चर्चा घ्यावी, त्याहून कमी आली तर मुद्दा पुन्हा शिकवावा आणि जास्त आली तर थोडक्यात स्पष्टीकरण देऊन पुढे जावे. सर्वांकडे उपकरणे नसतील, तर प्लिकर्स या अ‍ॅपची छापील कार्डे चालतात: विद्यार्थी कार्ड फिरवून उत्तर दाखवतो आणि शिक्षकाच्या मोबाइलचा कॅमेरा ते टिपतो. कोणत्या क्रमांकाचे कार्ड कोणाचे, ही यादी तेवढी आदल्या दिवशी भरावी.

वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसून पडदा वाचून पाहावा. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातील कॉन्ट्रास्ट (उजळपणातील फरक) किमान ४.५ : १ असावा, हा वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतील निकष स्लाइडसाठीही उपयोगी पडतो. केवळ लाल-हिरव्या रंगांनी भेद दाखवू नये आणि व्हिडिओला सबटायटल आहेत का, ते पाहावे. केबल, स्पीकर आणि चार्जिंग यांवरून एक नजर फिरवली तरी पुरते.

तासाची शेवटची पाच मिनिटे टाचणात मोकळी ठेवावीत. त्या वेळात उपकरणे बाजूला ठेवून प्रत्येकाने आपले उत्तर का बदलले किंवा का बदलले नाही, हे वहीत दोन ओळींत लिहावे. या ओळी आणि नोंदवलेली उत्तरे शेजारी ठेवून वाचावीत व ज्या प्रश्नाने सर्वाधिक मुलांना अडवले, तोच पुढच्या तासाचा पहिला प्रश्न म्हणून टाचणात उतरवावा.