रानातली अळंबी गोळा करताना एवढं नक्की पाळा

ओळख १००% पटली नसेल तर खाऊ नका, फोनमधल्या ॲपच्या किंवा फोटोच्या भरवशावर तर अजिबातच नाही. किडे खातात म्हणजे चांगली, चांदीचा चमचा काळा पडला नाही म्हणजे चांगली, हे सगळं खोटं आहे. डेथ कॅप नावाच्या जीवघेण्या अळंबीचं विष शिजवूनही जात नाही, आणि त्रास सुरू व्हायलाच साधारण ६ ते १२ तास लागतात, मग मधे एखादा दिवस बरं वाटतं पण आत लिव्हर खराब होत असतं, म्हणून शंका आली की लगेच हॉस्पिटल गाठा आणि उरलेली अळंबी सोबत न्या.

अनोळखी असेल तर एकच नमुना मुळापासून उकरून बघा, कारण डेथ कॅपसारख्या विषारी अळंबीची खूण असलेली बुडाची पिशवी मातीत लपलेली असते आणि वरून कापलं तर तीच मागे राहते. ओळखीची असेल तर पालापाचोळा न उकरता काढा, कोवळ्या आणि जून झालेल्या तशाच राहू द्या. स्वित्झर्लंडमध्ये २९ वर्षं पाहणी केली तेव्हा तोडण्याने पुढचं पीक कमी झालं नाही, पण जमीन तुडवल्याने झालं, त्यामुळे घोळक्याने फिरू नका, पायवाट सोडून कमीत कमी जा.