चेलो वाजवून पोट भरायचंय? माझा अनुभव

चेलो, म्हणजे बसून गुडघ्यांत धरून वाजवायचं व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं वाद्य, त्यात करिअर करायचं ठरवलं की डोळ्यासमोर एकच चित्र येतं, स्टेजच्या मधोमध आपली खुर्ची, मागे अख्खा ऑर्केस्ट्रा आणि आपण द्वोर्झाकचा कॉन्चेर्टो, म्हणजे एक सोलो वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, हाणतोय. माझंही तेच होतं. प्रत्यक्षात गेली कित्येक वर्षं मी चेलोंच्या सेक्शनमध्ये चौथ्या स्टँडवर (एका स्टँडवर दोघं) आतल्या, प्रेक्षकांपासून लांबच्या खुर्चीत बसतो, म्हणजे पानं उलटायचं काम माझं आणि डिव्हिजी, म्हणजे सेक्शनने दोन भागांत वाजवायचं, आलं की वरचे सूर शेजारच्याचे, खालचे माझे. मला हे काम आवडतं, तक्रार नाहीये, पण आधीच कोणी सांगितलं असतं तर शिकायची चार वर्षं वेगळी घालवली असती.

कारण ती चार वर्षं मी नुसते कॉन्चेर्टो घासले. एक्सर्प्ट, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या पार्टमधले ऑडिशनला मागतात ते तुकडे, ते काय शेवटच्या महिन्यात बघू. पहिली ऑडिशन पडद्याआड होती, बऱ्याच ऑर्केस्ट्रांत पहिली फेरी तशीच होते, ऐकणाऱ्यांना तुमचं नाव माहीत नाही, चेहरा दिसत नाही, फक्त आवाज. हायडनचा डी मेजर कॉन्चेर्टो बरा गेला. मग आली बीथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीची दुसरी मूव्हमेंट, म्हणजे दुसरा भाग. व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं वाद्य) आणि चेलो मिळून सुरुवातीला एक शांत धून वाजवतात, कागदावर बघितली तर वाटतं ह्यात काय आहे. मी जीव ओतून वाजवली आणि धून संपते न संपते तोच पलीकडून 'थँक यू'. झालं, घरी.

आदल्या दिवशीच्या रियाजाचं रेकॉर्डिंग फोनमध्ये होतं ते रात्री ऐकलं, तेव्हा कळलं काय झालं ते. त्या धुनेत डॉटेड जोड्या आहेत, लांब सूर आखूड सुराच्या तिप्पट हवा, आणि माझा भावनेच्या भरात जेमतेम दुप्पट होत होता. वाजवताना कानाला अजिबात कळत नाही बरं का, आपण आपल्याच प्रेमात असतो. तेव्हापासून मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र, लावतो तो मात्रेच्या मधल्या छोट्या भागांवर, आणि रोज काहीतरी रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकतो, लगेच नाही, लगेच ऐकलं की आपण स्वतःला माफ करतो. रिचर्ड श्ट्राउसच्या डॉन जुआन ह्या ऑर्केस्ट्राच्या रचनेची सुरुवात तर मी दोन महिने निम्म्या स्पीडने वाजवली, शेजारी वैतागले असणार.

बाखचे एकट्या चेलोसाठीचे सहा स्वीट (suite, म्हणजे नाचांच्या चालींवरच्या तुकड्यांची मालिका) आयुष्यभर पुरतात, घाई करू नका. पाब्लो कासाल्स ह्या प्रसिद्ध चेलोवादकाला तेराव्या वर्षी बार्सिलोनात जुन्या नोटेशनच्या दुकानात ते सापडले आणि लोकांसमोर वाजवायच्या आधी त्याने बारा वर्षं रियाज केला म्हणतात, आपण तर सहा महिन्यांत पहिला स्वीट 'झाला' म्हणून मोकळे. आणि बाखच्या स्वतःच्या हातची प्रत शिल्लकच नाही, त्यामुळे कुठे स्लर (एकाच गजात जोडलेले सूर) कुठे नाही ह्यावर प्रत्येक टीचरचं मत वेगळं. टीचर बदलला की गज कुठे वर कुठे खाली न्यायचा त्या सगळ्या खुणा बदलायच्या, वाद घालू नका, खोडा आणि लिहा.

नवीन असताना मला एक गोष्ट फार छळायची. एफ ह्या सुराच्या आसपास एक सूर असा काही घुमायचा, थरथरायचा, जणू घशात काहीतरी अडकलंय. वर्षभर मी उजव्या हाताला दोष दिला, गजाचं प्रेशर बदल, रोझिन (गजाला लावायची राळ) बदल, सगळं करून पाहिलं. त्याला वुल्फ टोन म्हणतात, वाद्याची बॉडी त्याच सुराला स्वतः घुमायला लागते आणि तारेशी भांडते, चांगल्या चांगल्या चेलोत असतो. ब्रिजच्या, म्हणजे तारांना आधार देणाऱ्या लाकडी घोडीच्या, खाली तारेवर एक छोटी धातूची नळी बसवली, जागा जरा पुढेमागे करून पाहिली आणि बराचसा गेला. वाद्य बनवणाऱ्याला आधीच विचारलं असतं तर वर्ष वाचलं असतं.

डाव्या अंगठ्याने चेलोची मान आवळायची सवय लागली असेल तर आजच सोडा. मला कोपरापर्यंत दुखायला लागलं तेव्हा तीन आठवडे चेलो बंद होता, आणि त्या काळात कामं गेली ती गेलीच.

पैशांचं बोलायचं तर मोठ्या ऑर्केस्ट्रातही चेलोच्या खुर्च्या दहा-बाराच, आणि कोणी रिटायर झालं तरच जागा निघते. त्यामुळे शिकवणी, रेकॉर्डिंग, लग्नं असं मिळून महिना भरतो. लग्नात पाखेलबेलचा कॅनन ठरलेला, त्यात चेलोला तेच आठ सूर अठ्ठावीस वेळा, व्हायोलिनवाले मजा करतात आणि आपण मोजतो. मी एकदा मोजायचंच विसरलो, कोणाला काही कळलं नाही म्हणा. विमानाने जायचं असेल तर चेलोचं वेगळं तिकीट काढायचं गृहीत धरून मानधन सांगा, आणि एअरलाइनला आधी फोन करा, सीटचे नियम प्रत्येकाचे वेगळे.

रिहर्सलला एंडपिन, म्हणजे चेलोच्या तळाची जमिनीवर टेकणारी दांडी, घसरू नये म्हणून पट्टा न्या, आणि पेन्सिली दोन, कारण एक शेजारचा मागतोच आणि परत देत नाही.