सरपंचाला जाब विचारताना या चुका टाळा

नवा रस्ता पहिल्याच पावसात उखडला की गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटतो, पारावर सरपंचाचा उद्धार होतो. कागदावर मात्र एक ओळ उमटत नाही, आणि पुढे चौकशी झालीच तर ती कागदावरच होते.

सगळ्यात महागात पडते ती ग्रामसभेला दांडी. वर्षातून किमान चार सभा घ्याव्याच लागतात. गणपूर्ती, म्हणजे सभेला हजर हवी ती किमान संख्या, 15 टक्के मतदार किंवा 100, यांतली जी कमी असेल ती. तेवढे लोक नसतील तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तुम्ही घरी बसलात म्हणून काही अडत नाही, उलट सरपंचाला रान मोकळं. जाऊन नुसता आरडाओरडा करणंही वायाच. विषय आधी लेखी द्या, पोच घ्या. झालेली चर्चा प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, कशी लिहिली ते तिथेच वाचून घ्या. आणि कोऱ्या पानावर सही? अजिबात नाही. मागाहून त्याच सह्यांवर कुठला ठराव चढेल, सांगता येत नाही.

माहिती अधिकाराच्या अर्जात ‘रस्ता निकृष्ट का झाला?’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंद), ठेकेदाराचं देयक यांच्या प्रती मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे गावाचा इतिहास लिहीत बसू नका. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील करा. बरेच जण नेमके इथेच कंटाळतात.

तक्रार चुकीच्या दारात नेली तरी ती फिरत राहते. कामाच्या दर्जाबद्दल गटविकास अधिकाऱ्याकडे जा. सदस्याने सरकारी जागेवर अतिक्रमण केलं असेल तर अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे जातो.

अविश्वास ठरावाची धमकी उठसूट देऊ नका. तो ग्रामपंचायतीचे सदस्य आणतात, गावकरी नाही. निवडीनंतर पहिली दोन वर्षं तो आणताच येत नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान. म्हणजे तिथेही शेवटी हजर राहावंच लागतं.